मुळी, पारा आणि ताठरलेली धमनी

गेल्या वर्षी श्रावणात नोकरीच्या ठिकाणी वार्षिक तपासणी झाली, तेव्हा माझा रक्तदाब १४८/९४ भरला. पुन्हा मोजला, तरी फारसा फरक पडला नाही. डोंबिवलीतले आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "सौम्य आहे, घाबरायचं कारण नाही. पण गोळी सुरू करूया." मी विचारले, "किती दिवस?" ते म्हणाले, "आता कायमचीच धरून चला." मला काही होत नव्हते. डोके दुखत नव्हते, चक्कर नव्हती, स्टेशनचा जिना चढताना धाप लागत नव्हती. मग मी जरा आगाऊपणाने विचारले, "डॉक्टर, ही गोळी आकडा खाली आणते की रक्तवाहिनी मऊ करते?" ते हसले. "प्रश्न चांगला आहे. दोन्ही म्हणा. पण किती आणि कसं, याला मोठा इतिहास आहे."

मी कॉमर्सचा पदवीधर. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध औषधाच्या दुकानापुरता. पण गेली वीस-बावीस वर्षे फावल्या वेळात जुनी कागदपत्रे, गॅझेटियरे आणि मासिकांचे अंक वाचण्याचा नाद आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय ही माझी दोन विद्यापीठे. डॉक्टरांनी 'इतिहास' हा शब्द उच्चारला आणि मी अडकलो.

अडकण्याला घरचेही कारण होते. माझे वडील मशीद बंदरच्या एका पेढीवर हिशेबनीस होते. डोंबिवलीहून रोज लोकलने जात. त्यांना बीपीची गोळी होती, आणि तिच्यात रिसर्पिन नावाचे औषध होते, हे मला पुष्कळ वर्षांनी जुन्या चिठ्ठीवरून कळले. गोळी घेतली की नाक चोंदते, पेंग येते, गाडीत स्टेशन निघून जाते, ही त्यांची तक्रार. "मला होतंय काय? काहीच नाही. मग गोळी कशाला?" असे म्हणून त्यांनी ती हळूहळू सोडली. १९८८ च्या वैशाखात एका सकाळी त्यांचा उजवा हात आणि पाय गेला. पुढची सहा वर्षे ते खाटेवर होते. 'मला होतंय काय?' हे त्यांचे वाक्य गेल्या श्रावणात माझ्याच तोंडी आले, तेव्हा मी चपापलो.

रिसर्पिन कुठून आले, हे शोधायला निघालो आणि वाट थेट परळला पोचली.

●

रिसर्पिनचे मूळ हे खरोखरच एक मूळ आहे. सर्पगंधेचे. गुडघ्या-मांडीइतके वाढणारे झुडूप, पांढरट-गुलाबी फुले, पिकल्यावर काळपट होणारी फळे आणि वेडीवाकडी मुळे. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्टा याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात सर्पविषावरच्या एका मुळीचे वर्णन केले आहे. मुंगूस सापाशी झुंजण्याआधी ती खातो, ही कथाही त्याने दिली आहे. ती मुळी म्हणजे सर्पगंधा असे साधारणपणे मानले जाते. योगायोग असा, की याच ऑर्टाकडे पोर्तुगीज राजाकडून मुंबई बेट भाडेपट्ट्याने होते. ज्या गावात पुढे या मुळीची परीक्षा व्हायची होती, त्या गावाचा एक जुना भाडेकरू तिच्याविषयी चारशे वर्षे आधी लिहून गेला होता.

झाडाचे शास्त्रीय नाव मात्र एका जर्मनाचे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ प्लूमिए याने १७०३ मध्ये या कुळाला लिओनहार्ट राउवोल्फ या सोळाव्या शतकातील प्रवासी वैद्याचे नाव दिले. बिहारकडे मात्र लोक तिला 'पागल की दवा' म्हणत. वेडाचा झटका, झोप न येणे, ताप, साप-विंचवाचा दंश यांवर ती दिली जाई.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. 'आपल्या पूर्वजांना रक्तदाबाचे औषध ठाऊक होते' असे व्याख्यानांतून ऐकू येते. तसे म्हणता येत नाही. रक्तदाब ही मोजायची गोष्ट आहे, आणि मोजण्याचे साधन नव्हते तेव्हा त्या नावाचा रोगही नव्हता. पूर्वजांना ठाऊक होते ते हे, की ही मुळी माणसाला शांत करते. ती रक्तदाबही उतरवते, हे पाऱ्याची नळी हाती आल्यावरच दिसले. 'स्विस कंपनीने शोध लावला' हे दुसऱ्या बाजूचे वाक्यही तितकेच अपुरे आहे.

१९३१ हे या कथेतले महत्त्वाचे वर्ष. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्या वर्षी या मुळीवर निबंध प्रसिद्ध केला. वेड आणि उच्च रक्तदाब, दोन्हींवर चालणारे भारतीय औषध म्हणून त्यांनी ती पुढे मांडली. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतून काही अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांतल्या एकाला त्यांनी आपले आश्रयदाते हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' नाव दिले. पुढे रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कलकत्त्यात प्राण्यांवर प्रयोग केले. १९३४ मध्ये हिमालय ड्रग कंपनीने मुळीच्या गोळ्या 'सर्पिना' नावाने बाजारात आणल्या.

म्हणजे औषध होते, गोळी होती, देणारे वैद्य-डॉक्टरही होते. नव्हती ती जगाला पटेल अशी नोंद.

●

ती नोंद परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशी जोडलेल्या एका डॉक्टरांनी केली. रुस्तुम जाल वकील. जन्म १९११, मुंबईचे पारशी, लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन परतलेले हृदयरोगतज्ज्ञ. के. ई. एम. आणि त्याला जोडलेले सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज १९२५-२६ मध्ये उभे राहिले, तेच मुळी भारतीय डॉक्टरांना भारतीय रुग्णालयात अधिकाराने काम करता यावे म्हणून.

वकिलांचा निबंध 'ब्रिटिश हार्ट जर्नल'च्या ऑक्टोबर १९४९ च्या अंकात आला. मी तो अनेकदा वाचला. सहा पानांचा आहे. कोष्टके आहेत, कोरडी भाषा आहे, कुठे घोषणाबाजी नाही. उच्च रक्तदाबाचे पन्नास रुग्ण, औषधाआधीच्या नोंदी, मग चार आठवडे मुळीच्या गोळ्या, मग पुन्हा नोंदी. बहुतेकांचे वरचे-खालचे दोन्ही आकडे उतरले, कुणाचे थोडे, कुणाचे बरेच. आजच्या कसोटीवर ही चाचणी तोकडी ठरेल. अर्ध्या रुग्णांना खोटी गोळी देऊन तुलना करायची पद्धत तेव्हा नुकती कुठे रुजत होती. पण मुळीविषयी तोवर जे 'गुण येतो' असे सांगितले जात होते, ते त्यांनी 'इतक्या जणांना, इतक्या दिवसांत, इतका आला' असे लिहिले.

त्या काळचे पर्याय पाहिले म्हणजे याचे मोल कळते. मिठाविना भाताचा आहार, कमरेजवळच्या मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया, विषारी थायोसायनेट, किंवा नुसती विश्रांती. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसासाठी जे औषध नव्हते, ते वाण्याकडे मिळणाऱ्या मुळीत होते.

निबंध वाचून बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी भारतातून मुळीच्या गोळ्या मागवल्या आणि आपल्या रुग्णांवर वापरून पाहिल्या. स्वित्झर्लंडमध्ये बाझल इथे सिबा कंपनीच्या म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी १९५२ मध्ये मुळीतला मुख्य गुणकारी अंश वेगळा केला आणि त्याला रिसर्पिन म्हटले. 'सर्पासिल' या नावाने ते जगभर गेले. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, १९५८ मध्ये पद्मभूषण. १९७४ मध्ये ते गेले.

मुळीचे मात्र हाल झाले. मागणी वाढली तशी रानेच्या राने उकरली गेली. आज सर्पगंधा वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या संरक्षित यादीत आहे.

●

रिसर्पिनने आकडा उतरवला. पण आकडा उतरल्याने माणूस वाचतो का? आज हा प्रश्न विचित्र वाटेल. तेव्हा तो खरा होता. अरुंद, कडक झालेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलायला शरीरच दाब वाढवत असेल, तर तो कमी करणे हे घातक ठरेल, असे मानणारे मोठमोठे डॉक्टर होते.

उत्तर अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून आले. डॉ. एडवर्ड फ्राइस यांनी निम्म्यांना खऱ्या आणि निम्म्यांना खोट्या गोळ्या दिल्या. खऱ्या गोळ्यांत तीन औषधे होती, आणि त्यांतले एक होते रिसर्पिन. १९६७ मध्ये ज्यांचा खालचा आकडा ११५ ते १२९ होता अशा १४३ जणांचा निकाल आला. खोट्या गोळीच्या गटात २७ जणांवर गंभीर प्रसंग आला, खऱ्या गोळीच्या गटात फक्त दोघांवर. १९७० मध्ये खालचा आकडा ९० ते ११४ असलेल्या ३८० जणांचा निकाल आला, तोही औषधाच्या बाजूने. रक्तदाब उतरवल्याने प्राण वाचतात, हे ज्या चाचण्यांनी सिद्ध केले, त्यांच्या गोळीत आपली मुळी होती.

पण १९७० च्या निकालात एक बारीक भेग होती. खालचा आकडा ९० ते १०४ असलेल्यांत, म्हणजे माझ्यासारख्यांत, फायदा तितका ठसठशीत नव्हता. रिसर्पिनचे दुष्परिणामही एव्हाना उघड झाले होते. चोंदलेले नाक, पेंग, काहींना खोल उदासी. १९७४ मध्ये त्याचा संबंध स्तनाच्या कर्करोगाशी जोडणारे तीन निबंध 'लॅन्सेट'मध्ये एकदम आले. पुढच्या मोठ्या अभ्यासांत ते टिकले नाही, पण नवी औषधे दारात उभी होतीच. रिसर्पिन मागे पडले. आपल्याकडे मात्र स्वस्त म्हणून ते पुढेही बरीच वर्षे चालले. वडिलांच्या चिठ्ठीवर ते असायचे कारण हेच.

सौम्य रक्तदाबाचा निवाडा करायला ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १७,३५४ जणांची चाचणी घेतली. निकाल १९८५ चा. औषध घेणाऱ्यांत ६० जणांना पक्षाघात झाला, खोटी गोळी घेणाऱ्यांत १०९ जणांना. आकडे बोलके आहेत. पण त्याच निबंधात दुसरा हिशेब आहे. अशा ८५० माणसांना वर्षभर औषध द्यावे, तेव्हा एक पक्षाघात टळतो. उरलेले ८४९ जण त्या वर्षी गोळी घेऊनही तेच राहतात, जे न घेता राहिले असते.

मी हिशेबनिसाचा मुलगा. हा आकडा वाचून बराच वेळ बसून राहिलो. वडील त्या ८५० मधले एक होते की ८४९ मधले? आणि मी?

●

हे आधी कळायचे, तर आकड्याच्या मागे जाऊन धमनीच पाहावी लागते. आणि इथे मला या शोधातला सर्वांत विस्मरणात गेलेला माणूस भेटला.

पाटण्याहून निघून इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले साके दीन महोमेद, लंडनमधल्या पहिल्या भारतीय खानावळीचे मालक, काहींना माहीत असतील. त्यांचा नातू फ्रेडरिक अकबर महोमेद, जन्म १८४९, लंडनच्या गायज रुग्णालयात डॉक्टर होता. रक्तदाब मोजायचा पट्टा तेव्हा नव्हता. होते ते फ्रेंच शास्त्रज्ञ मारे याचे १८६० चे नाडीलेखक यंत्र. मनगटावर बसवायचे, नाडीचा ठोका एका काडीला हलवतो आणि काजळलेल्या कागदावर लाट उमटते. महोमेदने ते सुधारले आणि लाटेच्या आकारावरून आतला ताण ओळखायला सुरुवात केली. मूत्रपिंडाचा आजार नसलेल्या, वरवर ठणठणीत माणसांतही हा ताण वाढलेला असू शकतो, हे त्याने दाखवले. 'मला होतंय काय?' म्हणणाऱ्यांची पहिली नोंद ही. पस्तिसाव्या वर्षी, १८८४ मध्ये, विषमज्वराने तो गेला.

त्याच्यामागून १८९६ मध्ये इटलीच्या रिवा-रोची याने दंडाचा पट्टा आणला, १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोफने स्टेथोस्कोपने आवाज ऐकून दोन आकडे घ्यायची रीत शोधली. आकडा सोपा, लाट अवघड. आकडा चिठ्ठीवर लिहिता येतो. लाट अडगळीत गेली. वकील, फ्राइस, मेडिकल रिसर्च कौन्सिल, सगळ्यांचे काम आकड्यावर उभे आहे. त्यात त्यांचा दोष नाही. आकड्याविना पन्नास रुग्णांचे कोष्टक मांडताच आले नसते.

लाटेत असे काय आहे, जे आकड्यात नाही? आमच्या इमारतीत पाण्याची वेळ झाली की लोखंडी पाइप खडखडतात, बागेतली रबरी नळी मात्र गुमान फुगते आणि बसते. हृदयाजवळची महाधमनी तरुणपणी रबरी नळीसारखी असते. ठोक्यासरशी फुगते, धक्का पोटात घेते आणि रक्त संथपणे पुढे सोडते. वयाने, साखरेने, तंबाखूने आणि चढ्या दाबाने ती ताठरते. ताठर नळीत नाडीची लाट वेगाने धावते. तरुण महाधमनीत हा वेग सेकंदाला पाच-सहा मीटरच्या आसपास असतो, ताठरलेल्या धमनीत दहाच्या वर जातो. लवकर परतलेली लाट हृदयाच्या त्याच धक्क्यावर आदळते, आणि मेंदू-मूत्रपिंडांच्या नाजूक वाहिन्यांना तो हादरा पोचतो. गळ्यापासून जांघेपर्यंत लाटेला लागणारा वेळ मोजून हा वेग आज काढता येतो.

आता माझा प्रश्न. गोळीने ही धमनी मऊ होते का? पहिले उत्तर असे, की दाब उतरला की कुठलीही धमनी काही अंशी मऊ होतेच. तिच्या भिंतीत दोन धागे असतात. ताणणारे इलॅस्टिन आणि न ताणणारे कोलॅजेन. दाब कमी असताना भार इलॅस्टिनवर असतो, वाढला की कोलॅजेनवर जातो. म्हणून गोळी घेताच लाटेचा वेग उतरतो, त्यात भिंत सुधारल्याचे श्रेय नसते. नुसता ताण सैल झालेला असतो. भिंत खरोखर बदलते का, हे महिने-वर्षे थांबूनच कळते, आणि दाबाच्या फरकाइतके वजा करून उरलेले मोजावे लागते. दीर्घ उपचारांच्या अभ्यासांत असे थोडे उरते, हे दिसले आहे. पण ते थोडेच. इलॅस्टिन मुख्यतः गर्भात आणि बालपणी घडते. मोठेपणी ते नव्याने फारसे होत नाही. तुटलेला धागा कोणतीही गोळी विणून देत नाही. उरलेला वाचवणे एवढेच तिच्या हाती असते.

दुसरे उत्तर, सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत. २००६ मध्ये ब्रिटनमधून 'कॅफे' या नावाचा अभ्यास आला. एका गटाला अ‍ॅटेनोलॉलवर आधारलेला उपचार, दुसऱ्याला अ‍ॅम्लोडिपिनवर. दंडावरचा आकडा दोन्हींत जवळपास सारखाच उतरला, फरक एका मिलिमीटरहूनही कमी. पण मनगटावरच्या लाटेवरून हृदयाजवळचा दाब काढला, तेव्हा अ‍ॅम्लोडिपिनच्या गटात तो ४.३ मिलिमीटरने कमी निघाला. ज्या मोठ्या चाचणीचा हा भाग होता, तिच्यात पक्षाघातही त्याच गटात कमी होते. एकशे तीस वर्षांपूर्वी महोमेदने काजळलेल्या कागदावर जे वाचायचा प्रयत्न केला, तेच पुन्हा मनगटावरून वाचले जात होते.

●

हे सगळे घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "तुमचा आकडा सौम्य आहे. तुमच्या वडिलांचा इतिहास सौम्य नाही." मग त्यांनी पंधरा दिवस घरी सकाळ-संध्याकाळ बीपी लिहायला सांगितले. मी वडिलांच्या जुन्या खतावणीतली कोरी पाने काढली आणि त्यांच्यासारखेच रकाने आखले. सरासरी १४५/९२ निघाली. गोळी सुरू झाली. मीठ कमी केले, लोणचे-पापड सुटले, संध्याकाळी एक स्टेशन आधी उतरून चालत येतो.

माझ्या इतिहासाने मला गोळी घ्या किंवा घेऊ नका, असे सांगितले नाही. ते काम डॉक्टरांचे. पण वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर त्यात मिळाले. 'मला होतंय काय?' याला उत्तर असे, की जे होते आहे ते जाणवत नाही, म्हणून तर एकाने काजळीवर लाट उमटवली आणि दुसऱ्याने परळमध्ये पन्नास माणसांचे आकडे मांडले. वडिलांना हे कुणी सांगितले नाही, आणि त्यांच्या गोळीने त्यांना पेंग आली, एवढेच त्यांना कळले. ८५० मध्ये एक, हा हिशेबही कुणी समोर बसून मांडला असता, तर हिशेबनीस माणसाने तो समजून घेतला असता, असे मला वाटते.

खतावणीची पाने अजून उरली आहेत. रोज सकाळी चहाआधी मी एक ओळ भरतो.